बी रजिस्टर

मागच्या महिन्यात संग्रामपूरला जाऊन अब्बांचं दुकान रिकामं करून आलो. दुकान म्हणजे बस स्टँडच्या रस्त्यावरची दहा बाय बाराची खोली. मोटार रिवाइंडिंगची. अब्बांचा इंतकाल होऊन दीड वर्ष होत आलं, तरी आम्ही भाऊ भाडं भरत होतो, कारण ते शटर वर करून आत जायला कोणाचा हात धजत नव्हता. शेवटी मालकाच्या मुलाने फार अदबीने विचारलं, तेव्हा गेलो. जळक्या तांब्याची तार भंगारात दिली. कॉइल गुंडाळायचे लाकडी फर्मे आणि हत्यारं अब्बांच्या जुन्या शागिर्दाला दिली. मी फक्त रजिस्टरं घेऊन आलो.

अब्बा रजिस्टर उर्दूत लिहायचे. ओळ उजवीकडून डावीकडे, मध्येच आकडा आला की तेवढाच डावीकडून उजवीकडे. मोटार दुकानात आली की उघडायच्या आधी सगळं लिहून व्हायचं. गाव, मालक, किती एचपी, बोल्ट किती, त्यातला एखादा आधीच तुटका असेल तर तेही. मग उघडल्यावर जुन्या कॉइलचे वेढे किती, तारेचा गेज किती, जोडणी स्टार की डेल्टा. काम झाल्यावर त्याच ओळी परत वाचून मोटार बांधायची. दुसऱ्याची चीज हाती आली की ती अमानत, आली तशीच गेली पाहिजे, फक्त बिघडलेली होती ती सुधारून, असा त्यांचा हिशोब होता. आम्हा पोरांना तो नुसता वेळखाऊपणा वाटायचा.

२००१ च्या रजिस्टरात फेब्रुवारीच्या पानावर ‘सोनाळा, ५ एचपी, सबमर्सिबल’ अशी नोंद सापडली आणि त्या पानात घडी घातलेला एक कागद. तो उघडून पाहिला आणि दुकानाच्या पायरीवरच बसलो. त्या कागदाबद्दल लिहायचं आहे. पण त्यासाठी आधी थोडं एका जुन्या चिपबद्दल सांगावं लागेल. ज्यांचा कॉम्प्युटरशी संबंध नाही त्यांनीही वाचावं, मी जपून सांगतो.

डिप्लोमाला आम्हाला ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर होता. इंटेलने तो १९७६ साली काढला, म्हणजे आमच्या जन्माआधी, आणि आम्ही त्याच्यावर शिकलो २००० साली. जगाला तोवर पेंटियम जुना वाटायला लागला होता. तरी मला ८०८५ बद्दल तक्रार नाही. त्याच्यात लपवायला काही नव्हतं. प्रयोगशाळेत एक किट असायचं, छोटा कीपॅड, सहा लाल आकड्यांचा डिस्प्ले. प्रोग्रॅम कागदावर लिहायचा, प्रत्येक सूचनेचा हेक्स कोड तक्त्यातून शोधायचा, मग एकेक बाइट बोटाने भरायचा. चाळीस बाइट भरले आणि लाईन गेली की सगळं पुसलं. आमच्याकडे लाईन जाणं हा अपवाद नव्हता.

या चिपमध्ये काम करायला सात वाट्या आहेत असं समजा. ए, बी, सी, डी, ई, एच, एल. त्यांना रजिस्टर म्हणतात. एका वाटीत ० ते २५५ मधला एक आकडा मावतो. प्रोग्रॅम कितीही मोठा असो, टेबल एकच आणि वाट्या याच सात. आता एखादं काम पुन्हा पुन्हा लागतं, समजा थोडा वेळ थांबणं. ते दरवेळी लिहीत बसण्यापेक्षा एकदाच वेगळं लिहून ठेवतात आणि लागेल तेव्हा बोलावतात. याला सबरुटीन म्हणतात आणि बोलावणाऱ्या सूचनेचं नावच ‘कॉल’. हेक्समध्ये सीडी, आणि पुढे दोन बाइटचा पत्ता. कॉल आला की चिप स्वतःहून एक गोष्ट जपते: आपण कुठून निघालो तो परतीचा पत्ता. तो स्टॅकवर ठेवते. स्टॅक म्हणजे ताटांची चळत, शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं. सबरुटीनच्या शेवटी ‘रिटर्न’ असतं, सी९. ते आलं की चिप चळतीवरचा पत्ता उचलते आणि निघाली होती तिथे परत येते.

बस्स. चिप एवढंच जपते. वाट्यांमध्ये काय होतं याच्याशी तिला देणंघेणं नाही. बोलावलेल्या पाहुण्याने बी वाटी रिकामी करून स्वतःसाठी वापरली, तर परत आल्यावर तुमचा बी मधला आकडा गेलेला असतो. चिप कुठलीही चूक दाखवत नाही, कारण तिच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. मग वाट्या जपायच्या कोणी? बोलावणाऱ्याने आधी उचलून ठेवायच्या की येणाऱ्याने जाताना होत्या तशा करून जायचं? याचं उत्तर चिपमध्ये नाही. ते दोन माणसांनी आपसात ठरवायचं असतं. असेम्ब्लीच्या भाषेत त्या ठरावाला कॉलिंग कन्व्हेन्शन म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो पुण्यात, पुढे तीन वर्षांनी. २००० साली आम्हाला एवढंच माहीत होतं की कॉल केलं की काम होतं.

माझा प्रोजेक्टमधला जोडीदार वरवट बकालचा. शाळेपासूनची दोस्ती. दोघंही मराठी शाळेतून आलेले, त्यामुळे इंग्रजी पुस्तकांपुढे दोघंही सारखेच घाबरलेले. ईदला तो आमच्याकडे आणि पोळ्याला मी त्याच्याकडे, हे इतकं ठरलेलं होतं की कोणी बोलावतही नसे. त्याच्या मामांची सोनाळ्याकडे संत्र्याची बाग होती. आमचा तालुका ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, उत्तरेला सातपुडा, त्याच्या पायथ्याला गोडं पाणी आणि बागा, आणि दक्षिणेला पूर्णेच्या अंगाला खारपाण पट्टा, जिथलं पाणी ना पिकाला चालत ना माणसाला. मामा गोड्या पाण्याच्या बाजूचे, पण पाणी बोअरचं आणि थ्री-फेज लाईन रात्रीची. ती येईल तेव्हा थंडीत उठून स्टार्टर दाबायला जायचं, आणि बोअर उपसून कोरडा व्हायच्या आत बंद करायला पुन्हा जायचं. सबमर्सिबल मोटार पाण्यातच थंड राहते. कोरडी चालली की तापते आणि वाइंडिंग जातं. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले इथे कामाचा नाही, कारण रिकामी मोटार उलट करंट कमी घेते. हे सगळं मला अब्बांच्या दुकानात बसून तोंडपाठ होतं.

तर आमचा प्रोजेक्ट असा: लाईन आली की मोटार आपोआप सुरू, बोअरमध्ये पाणी उतरलं की आपोआप बंद. एका बोर्डवर ८०८५, एक २७१६ ईप्रॉम, म्हणजे लाईन गेली तरी प्रोग्रॅम जात नाही अशी चिप, आणि एक ८१५५. बोअरमध्ये तारा सोडून पाणी आहे की नाही ते पाहायचं. डाग देण्याचं काम अब्बांच्या दुकानातच रात्री बसून केलं. अब्बा आमच्याकडे न पाहता आपली कॉइल ओवत राहायचे. सबमर्सिबलमध्ये पीव्हीसीचं वेष्टन असलेली तार असते, आणि ती खाचांमधून एकेक वेढा हाताने ओवावी लागते, गोधडी शिवावी तशी.

मुख्य प्रोग्रॅम मी लिहिला. बोअरमधलं पाणी मोटार चालताना खालीवर होतं, तारा क्षणभर उघड्या पडतात. तेवढ्याने मोटार बंद केली तर स्टार्टर सारखा खाडखाड करत राहील. म्हणून मी ठरवलं की लागोपाठ तीनदा ‘पाणी नाही’ असं दिसलं तरच बंद करायची. ही तीनची मोजणी मी बी वाटीत ठेवली. पाणी नाही दिसलं की बी मध्ये एक वाढवायचा, तीन झाले का पाहायचं, नसतील तर थोडं थांबून पुन्हा बघायचं. पाणी दिसलं की बी पुन्हा शून्य. थांबण्यासाठी कॉल डिले. डिलेचं सबरुटीन जोडीदाराने लिहिलं.

पहिलं डिले साधं होतं. डी आणि ई मिळून सोळा बिटांचा मोठ्यात मोठा आकडा भरायचा आणि शून्य होईपर्यंत एकेक कमी करत जायचं. आमच्या बोर्डचा क्रिस्टल ६.१४४ मेगाहर्ट्झचा, चिप त्याला दोनने भागते. एका फेरीला २४ क्लॉक, फेऱ्या पासष्ट हजारांवर, तरी वेळ निघतो जेमतेम अर्धा सेकंद. कॉलेजात हेच दाखवलं. मोटारीच्या जागी बल्ब, बोअरच्या जागी प्लास्टिकची बादली. तारा पाण्याबाहेर काढल्या, दीड सेकंदात बल्ब विझला. टाळ्या पडल्या.

बागेत मात्र अर्धा सेकंद फारच कमी पडत होता. मामांना पाच सेकंद हवे होते. डी-ई च्या जोडीत पाच सेकंद मावत नाहीत, म्हणून जोडीदाराने बाहेरून आणखी एक मोजणी लावली: अर्ध्या सेकंदाचं चक्र दहा वेळा. ही दहाची मोजणी त्याने ठेवली बी मध्ये. ठेवायला कुठेतरी पाहिजेच. चक्र दहादा झालं की बी शून्य होतो आणि रिटर्न.

आता वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. माझा प्रोग्रॅम बी मध्ये एक करतो, डिलेला बोलावतो, डिले परत येतो तेव्हा बी शून्य. पुन्हा पाणी नाही, पुन्हा एक, पुन्हा शून्य. तीन कधीच होत नाहीत. बोअर कोरडा ठणठणीत असला तरी मोटार चालू. त्याचं सबरुटीन बरोबर होतं, पाच सेकंद म्हणजे पाच सेकंद. माझा प्रोग्रॅमही बरोबर होता.

बोर्ड डिसेंबरात लावला तेव्हा आंबिया बहाराचा ताण चालू होता, झाडांना पाणी नव्हतंच. आम्ही मोटार सुरू होते एवढं पाहिलं. बोअर भरलेला, त्यामुळे बंद होते का हे पाहायची वेळच आली नाही. जानेवारीत पाणी सुरू केलं, तेव्हाही बोअरला दम होता. मामांनी गावभर सांगितलं की भाच्यानं आणि मोटारवाल्याच्या पोरानं ऑटो बनवला. फेब्रुवारीच्या शेवटी एका रात्री बोअर उतरला. मामा गोधडीत निवांत झोपले होते, आयुष्यात पहिल्यांदा.

सकाळी मोटार बैलगाडीतून अब्बांच्या दुकानात आली. “काऊन रे बावा, हे तं जयली नं!” एवढंच मामा म्हणाले, तेही माझ्याकडे न पाहता. झाडं फुलोऱ्यातून नुकती फळ धरत होती. त्या वेळी पाणी तुटलं की बारीक फळ गळतं. अब्बांनी बाकीची सगळी कामं बाजूला सारली आणि दोन दिवस, दोन रात्री त्या मोटारीवर बसले. तरी काढणं, ओवणं, परत बोअरमध्ये सोडणं धरून चार दिवस गेलेच. किती फळ गळलं याचा हिशोब मामांनी आम्हाला कधी दिला नाही.

भांडण झालं ते दुकानात. मी बोर्ड घेऊन एकेक बाइट वाचत होतो आणि बी सापडला. मी ओरडलोच, की तू माझा बी वापरलास. तो म्हणाला, तुझा कसा, बी काय तुझ्या नावावर आहे? मग म्हणाला, “मी लिहून देलं होतं तुले.” मी म्हणालो, काही लिहून दिलं नाहीस, नुसते कोड दिलेस. त्याने खिसे चाचपले, मी वही उलटीपालटी केली. कागद नव्हता.

अब्बांनी हातातली तार खाली ठेवली आणि एकच विचारलं, “कागज किसके पास था?”

मी म्हणालो, “इसके पास.”

मला त्या वेळी खरंच तसं वाटत होतं की मी खोटं बोललो, हे मला आज सांगता येत नाही. बोललो मात्र ठामपणे. तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि गेला. चूक दुरुस्त करायला दोन बाइट लागले. डिलेच्या सुरुवातीला ‘पुश बी’, सी५, म्हणजे बी वाटी (आणि तिच्यासोबत सी) चळतीवर ठेव, आणि रिटर्नच्या आधी ‘पॉप बी’, सी१, म्हणजे होती तशी परत भर. ईप्रॉम अतिनील दिव्याखाली पुसून पुन्हा भरली. हे मी एकट्याने केलं. पॉप विसरलं तर काय होतं तेही त्याच रात्री कळलं: रिटर्न चळतीवरून परतीचा पत्ता म्हणून बी आणि सी मधला आकडाच उचलतं, आणि प्रोग्रॅम कुठल्या कुठे निघून जातो.

मामांनी तो बोर्ड परत लावला नाही. प्रोजेक्टला आम्हा दोघांना चांगले मार्क मिळाले.

मग मी पुण्यात भोसरीला एका छोट्या कंपनीत लागलो. मीटरं बनवायचो, ८०८६ च्या घराण्यातल्या चिपवर, टर्बो सी आणि अधूनमधून असेम्ब्ली. तिथे रमेश गांवकरांचं ८०८५ चं पुस्तक मी पहिल्यांदा नीट वाचलं. १९८४ सालचं, भारतभरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांनी झिजवलेलं. त्यात सबरुटीनच्या डोक्यावर लिहिलेलं असतं: हे काय करतं, आत काय घेतं, बाहेर काय देतं, कोणती रजिस्टरं बदलतात. कॉलेजात त्या ओळी मी गाळून पुढे जायचो, कारण परीक्षेत त्यांना मार्क नव्हते. त्या दिवशी वाचताना अब्बांच्या रजिस्टरातली ओळ आठवली, की तुटका बोल्ट एक.

पुढे या विषयाचा नाद लागला. केंब्रिजचं एडसॅक मशीन १९४९ साली चालू झालं, त्याला कॉलची सूचनाच नव्हती. डेव्हिड व्हीलरने युक्ती काढली की निघतानाच आपण कुठे आहोत ते सोबत न्यायचं आणि गेल्या गेल्या सबरुटीनने स्वतःच्या शेवटी परतीची सूचना स्वतः लिहून घ्यायची. १९६५ चं पीडीपी-८ परतीचा पत्ता सबरुटीनच्या पहिल्याच घरात टाकायचं, त्यामुळे त्या सबरुटीनने स्वतःलाच पुन्हा बोलावलं की पहिला पत्ता पुसला जायचा. आयबीएमच्या ३६० मध्ये स्टॅक नव्हता, पण रिवाज पक्का होता: परतीचा पत्ता चौदा नंबरच्या रजिस्टरात, आणि तेराव्यात अठरा शब्दांच्या एका जागेचा पत्ता. येणाऱ्याने यजमानाची रजिस्टरं त्या जागेत ठेवायची आणि जाताना भरून द्यायची. जागा यजमानाची, जपणूक पाहुण्याची. हे मला फार आवडलं. आमच्या अम्मीचा कारभार असाच होता.

८०८६ वर सी भाषेचा रिवाज वेगळा. काही वाट्या बैठकीतल्या, ए, बी, सी, डी घराण्यातल्या, त्या येणाऱ्याने बिनधास्त वापराव्यात, जपायच्या असतील तर यजमानाने आधी उचलाव्यात. काही आतल्या खोलीतल्या, एसआय, डीआय, बीपी. त्यांना हात लावलास तर होत्या तशा ठेवून जा. आणि सबरुटीनला द्यायचा माल चळतीवर ठेवायचा, तोही शेवटच्यापासून पहिल्याकडे, म्हणजे लिहिलेल्या ओळीत उजवीकडून डावीकडे. उर्दू वाचणाऱ्या घरातल्या माणसाला हे लगेच जवळचं वाटतं. त्यामागे कारणही आहे. असं केलं की पहिली वस्तू नेहमी ठरलेल्या जागी सापडते, मागे किती आहेत हे माहीत नसलं तरी.

काम झाल्यावर चळत साफ कोणी करायची, यावर मात्र दोन पंथ. हे मी नव्या मुलांना आमच्याकडच्या दावतीवरून सांगतो. लग्नाला जमातखान्यातून देगा आणतात. आमच्यापेक्षा मोठं भांडं ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एवढंच समजावं की एका देगेत माणूस बसेल. बावर्ची येतो, शिजवतो. आता देगा घासायच्या कोणी? काही बावर्ची जाण्याआधी घासून जातात. हा पास्कलचा रिवाज, सबरुटीन जाता जाता चळत साफ करून जातं. जुन्या विंडोजने हाच घेतला होता, कारण साफसफाईची सूचना दर कॉलमागे न लिहिता एकदाच लिहावी लागते, जागा वाचते. दुसरा रिवाज, बावर्ची जातो आणि घरचे घासतात. हा सी चा. सी मध्ये प्रिंटएफसारखं सबरुटीन कधी दोन वस्तू घेतं, कधी दहा, आणि अंगणात नक्की किती भांडी मांडली ते यजमानालाच ठाऊक असतं. दोन्ही रिवाज चालतात. पण बावर्चीला वाटलं घरचे घासतील आणि घरच्यांना वाटलं बावर्ची घासेल, तर सकाळी काय होतं ते सांगायला नको. आणि दोघांनीही साफ केलं तर चळतीवर त्याहून वाईट होतं, दुसऱ्या खेपेला आपलं नसलेलं ताट उचललं जातं.

हे सगळं मी बऱ्याच जणांना शिकवलं. प्रत्येक वेळी सोनाळ्याच्या मोटारीचा किस्सा सांगितला आणि प्रत्येक वेळी असाच सांगितला, की जोडीदाराने न सांगता माझा बी वापरला. हशा पिकायचा. चोवीस वर्षं.

आता तो कागद. प्रयोगवहीचं फाडलेलं पान. पाच रकाने: पत्ता, कोड, लेबल, सूचना, शेरा. अक्षर त्याचं. डिलेचं सबरुटीन, पाच सेकंदांचं. शेऱ्याच्या रकान्यात शेवटी, रिटर्नच्या समोर, बारीक पेन्सिलने: ‘बी, डी, ई बदलतात. बी लागत असेल तर कॉल करण्याआधी पुश करणे.’

म्हणजे त्याने सांगितलं होतं. त्याचा रिवाज होता की बोलावणाऱ्याने जपावं, आणि तो त्याने लिहून दिला होता. मी न ठरवताच धरून चाललो होतो की येणारा जपेल. ईप्रॉम भरायला फक्त कोड लागतात, म्हणून मी दुसरा रकाना तेवढा वहीत उतरवून घेतला असणार आणि कागद दुकानात टाकला असणार. कागद माझ्याकडे होता.

अब्बांना कामासोबत आलेला कुठलाही चिठोरा त्या कामाच्या पानात ठेवायची सवय होती. हा त्यांनी कधी ठेवला? भांडणाआधी, की नंतर दुकान झाडताना सापडला म्हणून? मराठी ते वाचायचे, सावकाश, ओठ हलवत. वाचला असेल तर मला बोलले का नाहीत? नोंदीच्या ओळीत मजुरीच्या जागी त्यांनी रेघ मारली आहे. बाकी काही नाही.

दोन दिवस मी फोन हातात घेऊन ठेवून देत होतो. नंबर त्याच्या धाकट्या भावाकडून मिळाला. तो आता गावीच असतो, शेती बघतो. मी सलाम-नमस्कार काहीच न करता एकदम कागदाचं सांगितलं. तो ऐकत राहिला.

“मले माहीतच होतं नं,” तो म्हणाला. “तू वाचलं नव्हतं, बस.”

मी माफी मागायला लागलो तर त्याने विषयच बदलला. अब्बा गेल्याचं त्याला तेव्हाच कळलं होतं, मय्यतीला तो आला होता, मागे उभा होता, गर्दीत मला दिसला नसेल म्हणाला. मामा अजून त्या मोटारीचं नाव काढतात म्हणाला, पैसे घेतले नव्हते अब्बांनी. त्याच्या स्वतःच्या बोअरवर आता मोबाइलवरून चालणारा ऑटो आहे, कोरडा पडला तर मेसेज येतो. मग म्हणाला, कागदाचा फोटो पाठव.

पाठवला. रात्री उशिरा त्याचं उत्तर आलं. शेऱ्याच्या ओळीभोवती त्याने लाल गोल केला होता आणि खाली लिहिलं होतं: “यात ए लिहाचा राहिला माह्या. तो बी बदलते.”